एकसष्टचे दहा अंकी उत्तर

सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल असा एक प्रश्न आहे. एक पूर्ण संख्या घ्या. तिचा वर्ग करा, त्याला ६० ने गुणा आणि आलेल्या गुणाकारात १ मिळवा. हे उत्तर पुन्हा एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग असायला हवे. तर सुरुवातीला कोणती संख्या घ्यावी? १ घेतला तर ६१ येतात, २ घेतले तर २४१, ३ घेतले तर ५४१. यातला एकही वर्ग नाही. ४ घेतले की ९६१ येतात आणि ९६१ हा ३१ चा वर्ग. झाले काम. ६० च्या जागी ६२ घेतले तर ८ पर्यंत जावे लागते. तेथे ३,९६९ मिळतात, म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ घेतले तर पहिल्याच पावलाला ६४ हाती येतात.

मग मधल्या ६१ ने असे काय घोडे मारले आहे? मुले १० पर्यंत जातील, चिवट असतील तर १०० पर्यंत जातील, संगणक हाताशी असेल तर लाखापर्यंतही जातील. काही मिळणार नाही. सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. या संख्येचा वर्ग करून ६१ ने गुणले आणि १ मिळवला की जो वर्ग मिळतो तो १,७६,६३,१९,०४९ चा. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास! मिनिटाला एक संख्या या वेगाने, रात्रंदिवस न थांबता कोणी एकेक संख्या तपासत बसला तर त्याला सुमारे ४३० वर्षे लागतील. १०० च्या आतल्या दुसऱ्या कोणत्याही संख्येचे सर्वांत लहान उत्तर एवढे मोठे नाही.

ही दहा अंकी संख्या इसवी सन ११५० मध्ये, म्हणजे शके १०७२ मध्ये, आपल्याच मुलखात लिहून ठेवली गेली. ग्रंथ ‘बीजगणित’, ग्रंथकार भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६ चा आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ आपण छत्तिसाव्या वर्षी रचला, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे याच सिद्धान्तशिरोमणीचे भाग. ‘बीजगणिता’त ते वाचकाला मित्र म्हणून हाक मारतात आणि विचारतात की कोणता वर्ग ६७ ने गुणून १ मिळवला असता वर्ग होतो, आणि कोणता ६१ ने गुणून. ६७ चे उत्तर चार अंकी आहे, ५,९६७. ६१ चे नऊ अंकी. आधी ६७ आणि मग ६१ असा क्रम लावणारा माणूस शिक्षक म्हणूनही पक्का होता, असे मला वाटते.

भास्कराचार्य सह्याद्रीच्या पायथ्याच्या विज्जडविड गावचे. हे गाव कोणते, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात त्याने बीदर म्हटले. कोणी बीड म्हणतात, कोणी विजापूर. बीदर म्हणजे उदगीर-देगलूरकडच्या लोकांना अगदी शेजारचे. पण बीदर काही सह्याद्रीच्या पायथ्याशी नाही. त्यापेक्षा कन्नडचा घाट खानदेशात उतरला की चाळीसगावजवळ जे पाटणे लागते, त्याच्या बाजूने पुरावा अधिक वजनदार आहे. तेथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. लेख शके ११२८ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले, अशी त्यात नोंद आहे. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल, असाही त्या दानाचा एक भाग होता. गणिताच्या शाळेसाठी तेलाचे अनुदान!

आता मुख्य गोष्ट. ४३० वर्षांचे काम भास्कराचार्यांनी थोड्या ओळींत कसे केले?

या प्रकारच्या उदाहरणांना आपल्याकडे ‘वर्गप्रकृती’ म्हणत. ज्या संख्येने गुणायचे ती ‘प्रकृती’, येथे ६१. ज्या संख्येचा वर्ग करून गुणायचे ती ‘कनिष्ठ’, शेवटी ज्याचा वर्ग मिळतो तो ‘ज्येष्ठ’, आणि जी संख्या मिळवायची ती ‘क्षेप’. आपल्याला क्षेप १ हवा आहे. तो लगेच मिळत नसेल तर जो मिळेल तो घेऊन सुरुवात करायची. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ ने अधिक. तेव्हा ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३. हे आपण थोडक्यात (८, १, ३) असे लिहू.

दोन त्रिकुटे जोडून तिसरे करण्याची रीत ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच देऊन ठेवली होती. तिला ‘भावना’ म्हणतात. दोन ज्येष्ठांचा गुणाकार करा, दोन कनिष्ठांचा गुणाकार करून त्याला प्रकृतीने गुणा, आणि दोन्हींची बेरीज करा. तो नवा ज्येष्ठ. एकाचा ज्येष्ठ आणि दुसऱ्याचा कनिष्ठ असे तिरके गुणाकार करून मिळवा. तो नवा कनिष्ठ. क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. दहावीच्या मुलांकडून अक्षरे घालून हे सिद्ध करून घ्यावे. दोन कंसांच्या विस्तारापलीकडे त्यात काही नाही. आणखी एक सोय अशी की ज्येष्ठ आणि कनिष्ठ एकाच संख्येने भागले तर क्षेप त्या संख्येच्या वर्गाने भागायचा.

ही रीत हाती आली की ६० आणि ६२ सोपे का, हे लगेच दिसते. ६० साठी (८, १, ४). याची स्वतःशीच भावना केली की (१२४, १६, १६) येते. ४ ने भागले की (३१, ४, १). ६२ साठी (८, १, २) पासून (१२६, १६, ४), आणि २ ने भागून (६३, ८, १). ६१ साठी तेच करून पाहा. (८, १, ३) पासून (१२५, १६, ९) येते. ३ ने भागायला गेलो की १२५ भागले जात नाहीत. उत्तर अपूर्णांकात येते, १२५/३ आणि १६/३. गाडी येथे अडते.

ती सोडवण्याच्या युक्तीचे नाव ‘चक्रवाल’. (८, १, ३) ची भावना दुसऱ्या अशा एका त्रिकुटाशी करायची की आलेले आकडे ३ ने भागले जातील. त्या त्रिकुटाचा कनिष्ठ १ ठेवायचा आणि ज्येष्ठ आपण निवडायचा. नवा कनिष्ठ म्हणजे ८ अधिक निवडलेली संख्या. ती बेरीज ३ ने भागली जायची तर संख्या १, ४, ७, १० अशांपैकी हवी. यातली जिचा वर्ग ६१ च्या सर्वांत जवळ असेल ती घ्या. ७ चा वर्ग ४९, फरक १२. १० चा वर्ग १००, फरक ३९. म्हणून ७. त्रिकूट झाले (७, १, −१२). भावना केल्यावर (११७, १५, −३६) आणि ३ ने भागल्यावर (३९, ५, −४). पडताळून पाहा: ३९ चा वर्ग १,५२१, ५ च्या वर्गाची ६१ पट १,५२५. क्षेप −४ बरोबर आहे.

आता हेच पुन्हा पुन्हा करत गेले तरी शेवटी क्षेप १ येतोच. म्हणून तर ते ‘चक्र’. पण क्षेप ४ किंवा −४ आला की ब्रह्मगुप्ताची आडवाट होती आणि भास्कराचार्यांनी ती घेतली. २ ने भागून (३९/२, ५/२, −१). त्याची स्वतःशी भावना, (१५२३/२, १९५/२, १). क्षेप १ आला, पण अपूर्णांक राहिले. म्हणून याची आधीच्या त्रिकुटाशी पुन्हा भावना: (२९,७१८, ३,८०५, −१). अपूर्णांक गेले, पण क्षेप उणे. एकदा शेवटचे स्वतःशी जोडले की

(१,७६,६३,१९,०४९, २२,६१,५३,९८०, १).

एक चक्रवाल आणि तीन भावना. पाटीवर अर्ध्या तासाचे काम.

उत्तर खरे आहे याची खात्री कशी करायची? शाळेतल्या साध्या गणकयंत्रावर हे वर्ग मावत नाहीत. १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग एकोणीस अंकी आहे. संगणकावरच्या नेहमीच्या तक्त्यात दोन्ही संख्या घालून वजाबाकी केली तर १ ऐवजी ० मिळतो, कारण तो साधारण पंधरा-सोळा अंकांपलीकडचे अंक नेमके धरत नाही. ‘संगणक शून्य म्हणतो’ म्हणून एखादा विद्यार्थी भास्कराचार्यांना चूक ठरवील! खरे तर येथे संगणकाची काही गरजच नाही. या संख्येच्या दोन्ही शेजाऱ्यांकडे पाहावे.

तिच्यातून १ वजा करा आणि निम्मे करा: ८८,३१,५९,५२४. हा २९,७१८ चा नेमका वर्ग. तिच्यात १ मिळवा आणि निम्मे करा: ८८,३१,५९,५२५. ही ३,८०५ च्या वर्गाची नेमकी ६१ पट. म्हणजे आपली दहा अंकी संख्या ही लागोपाठच्या दोन संख्यांची बेरीज आहे, त्यातली एक पूर्ण वर्ग आणि तिच्या पुढची ६१ पट वर्ग. ‘संख्या उणे १’ आणि ‘संख्या अधिक १’ यांचा गुणाकार म्हणजे ‘संख्येचा वर्ग उणे १’, हे तर आठवीतले सूत्र. तो गुणाकार येथे २ × २९,७१८² × २ × ६१ × ३,८०५² असा होतो. म्हणजेच ६१ गुणिले (२ × २९,७१८ × ३,८०५) चा वर्ग. कंसातला गुणाकार करा, २२,६१,५३,९८० येतात. एकोणीस अंकांच्या एकाही संख्येला हात न लावता पडताळा पुरा झाला.

आणखी एक गुण सांगितला पाहिजे. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागले की ६१ चे वर्गमूळ मिळते, आणि तेही दशांश चिन्हापुढे १७ स्थळांपर्यंत बिनचूक: ७.८१०२४९६७५९०६६५४३९.

५०७ वर्षांनी हाच प्रश्न दुसऱ्या खंडात उभा राहिला. फ्रान्समधल्या तुलूझचे न्यायाधिकारी पिएर द फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांना आव्हान दिले. फ्रेनिकल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी नमुन्यादाखल दोन संख्या सुचवल्या, ६१ आणि १०९, आणि वर म्हटले की फार त्रास होऊ नये म्हणून लहान घेतल्या आहेत! फर्मांचा हा मिस्किलपणा समजायला ६१ चे उत्तर ठाऊक असावे लागते. ‘बीजगणित’ त्यांनी पाहिले होते असे मानायला काहीही आधार नाही. कठीण संख्या शोधणारा कोणीही ६१ पाशी थबकणारच.

इंग्लंडातून विल्यम ब्राउंकर यांचे पहिले उत्तर आले ते अपूर्णांकांत, आपण वर ज्या १२५/३ पाशी अडलो त्याच जातीचे. फर्मांनी ते नाकारले. मग ब्राउंकर यांनी पूर्ण संख्या काढण्याची पद्धत शोधली आणि जॉन वॉलिस यांनी ती छापली. पुढे ऑयलर यांनी वॉलिस यांचा ग्रंथ वाचला आणि कशी कोण जाणे, या समीकरणाला ‘पेल यांचे समीकरण’ म्हटले. जॉन पेल या इंग्रज गणितज्ञाचा या उत्तरात काही वाटा नव्हता. पण ऑयलर यांचा शब्द! ते नाव आजही पाठ्यपुस्तकांत आहे. अशी उत्तरे प्रत्येक वेळी (प्रकृती पूर्ण वर्ग नसेल तेव्हा) सापडतातच, याची पहिली पक्की सिद्धता लाग्रांज यांनी १७६८ च्या सुमारास दिली.

त्या वेळी ‘बीजगणित’ युरोपात पोचलेलेच नव्हते. पण आपल्या भागात ते विसरले गेले नव्हते, आणि ही बाजू इतिहासाच्या पुस्तकांत फारशी येत नाही. नांदेडहून गोदावरीच्या काठाने वर गेले की परभणी जिल्ह्यात पाथरी लागते, जुने नाव पार्थपूर. तेथल्या ज्ञानराजाने १५०३ मध्ये ‘सिद्धान्तसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास याने १५३८ मध्ये ‘बीजगणिता’वर ‘सूर्यप्रकाश’ ही टीका रचली आणि नंतर लीलावतीवरही. हा सूर्यदास मोठा हौशी माणूस. त्याने एक असे संस्कृत काव्य केले की सरळ वाचले तर रामाची कथा आणि अक्षरे उलटीकडून वाचली तर कृष्णाची. अक्षरांशी असा खेळ करणाऱ्याला संख्यांच्या तिरक्या गुणाकारांचा कंटाळा येणे शक्यच नव्हते.

दुसरा दुवा औरंगाबादचा, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये, अताउल्ला रशीदी याने ‘बीजगणिता’चे फारसीत भाषांतर केले. ताजमहालाचा स्थपती म्हणून ज्याचे नाव घेतात त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. बीबी-का-मकबऱ्याच्या मुख्य दरवाज्यावर स्थपती म्हणून जे अताउल्ला नाव कोरले आहे ते याचेच, असे इतिहासकार मानतात. दरवर्षी लातूर-नांदेडच्या कितीतरी शाळांच्या सहली मकबऱ्यावर जातात. तो घुमट रचणारा माणूस चक्रवालही जाणत होता, हे तेथे उभे राहून मुलांना जरूर सांगावे.

याच फारसी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये इंग्रजी पुस्तक काढले. त्याच वर्षी लाग्रांज वारले. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी मूळ संस्कृतावरून भाषांतर छापले आणि तेव्हा कोठे युरोपला ६१ चे जुने उत्तर कळले. जर्मन इतिहासकार हांकेल यांनी पुढे चक्रवालाची गणना लाग्रांजपूर्व संख्याशास्त्रातल्या सर्वोत्तम गोष्टींत केली.

पेल यांचे नाव काढून ‘भास्कराचार्यांचे समीकरण’ म्हणावे का? तसे सुचवणारे आहेत. पण मग ब्रह्मगुप्ताचे काय? भावना त्याची. वर्गप्रकृतीचे ९२ साठीचे उदाहरण घालून, ते वर्षभरात सोडवील तो गणिती, असे तो म्हणाला होता. (उत्तर १,१५१ आणि १२०.) चक्रवालही भास्कराचार्यांच्या आधीचे. उदयदिवाकराच्या १०७३ च्या टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक आहेत, त्यात ही रीत दिलेली आहे. कृपाशंकर शुक्ल यांनी ते १९५४ मध्ये उजेडात आणले. भास्कराचार्यांनी तरी ही रीत माझी असे कोठे म्हटले आहे? याला चक्रवाल ‘म्हणतात’, एवढेच ते लिहितात. आणि चक्र प्रत्येक वेळी १ पाशी येऊन थांबतेच याची सिद्धता ना त्यांनी दिली, ना जयदेवाने. ती म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये दिली. (कवी ए. के. रामानुजन यांचे हे वडील.) उत्तर काढणे आणि उत्तर नेहमी निघतेच हे दाखवणे यांत अंतर आहे. लाग्रांज यांचे श्रेय दुसऱ्या गोष्टीचे आहे आणि ते त्यांना द्यायलाच हवे.

वर्गात करून पाहायचे असेल तर ६१ ने सुरुवात करू नका. १३ घ्या. ३ चा वर्ग ९, म्हणजे १३ पेक्षा ४ ने कमी. त्रिकूट (३, १, −४). चक्रवालाचीही गरज नाही, आडवाट थेट सुरू होते. २ ने भागून तीन भावना केल्या की वाटेत (१८, ५, −१) लागते आणि शेवटी (६४९, १८०, १). एका तासिकेत होते. ६४८ आणि ६५० यांचे निम्मे करून शेजाऱ्यांचा पडताळाही मुलांना घेता येतो: ३२४ हा १८ चा वर्ग, आणि ३२५ म्हणजे १३ गुणिले २५. मग २९ द्यावे, (५, १, −४) पासून. तेथे उत्तर ९,८०१ आणि १,८२०.

एवढे जमलेल्यांसाठी फर्मांची दुसरी संख्या, १०९. २६१ चा वर्ग ६८,१२१ आणि २५ च्या वर्गाची १०९ पट ६८,१२५, म्हणून आरंभाचे त्रिकूट (२६१, २५, −४). पुढची वाट तीच. ज्येष्ठ पंधरा अंकी येईल. बरोबर आला की नाही हे तपासायला त्यातून १ वजा करून निम्मे करा. ८८,९०,१८२ चा वर्ग मिळाला पाहिजे.